नामिबियात हेरेरो कुटुंबाकडे पाहुणे म्हणून जायचे आहे. त्यांचा पारंपरिक पोशाख घालून पाहायला मिळतो का? तिथे काय लक्षात ठेवावे?

मिळतो. मला मिळाला. पण मी तो मागितला नव्हता, आणि तुम्हीही मागू नये असे मला मनापासून वाटते. का ते सांगते, थोडे लांबेल.

मी कोल्हापूरची. बावीस वर्षे ब्लाउज, परकर, मुलींचे फ्रॉक शिवत आले. नवऱ्याच्या नोकरीमुळे नामिबियाच्या राजधानीत, विंडहुकला, तीन वर्षे राहायचा योग आला. शेजारच्या घरात हेरेरो, म्हणजे तिथल्या गुरे पाळणाऱ्या समाजातल्या, एक बाई राहायच्या. व्यवसायाने नर्स. रोज गणवेशात, घाईत दिसणाऱ्या या बाई एका शनिवारी कुणाच्या तरी अंत्यविधीला निघाल्या आणि मी दारातच थबकले. पायघोळ झगा, जमिनीपर्यंत घेर, गळा थेट हनुवटीखाली बंद, खांद्यावर फुगलेल्या आणि मनगटाकडे निमुळत्या होत गेलेल्या बाह्या. डोक्यावर त्याच कापडाचे, दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले, शिंगांसारखे काहीतरी. चालणेही रोजचे नव्हते. एरवी धावतपळत बस पकडणारी बाई त्या दिवशी अशी चालली होती की रस्त्याने तिच्यासाठी थांबावे.

माझ्या तोंडून निघाले, "कापड किती लागले?"

त्या हसल्या. पर्यटक फोटो मागतात, कापडाचे कुणी विचारत नाही, म्हणाल्या. दहा-बारा मीटर सहज जाते, आतले परकर वेगळे. मी शिवणकाम करते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग तू माझ्या आईला भेटायलाच हवे. जुलैत त्यांच्या सुट्टीत आम्ही दोघी गावी निघालो.

वाट उत्तरेची. आधी ओकाहांजा, मग ओचिवारोंगो, तिथून पूर्वेला ओकाकारारा. आपल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात 2022 च्या सप्टेंबरमध्ये नामिबियाहून आठ चित्ते आणले, तेव्हा ओचिवारोंगोचे नाव आपल्याकडच्या बातम्यांतही आले होते. चित्त्यांवर काम करणारी संस्था त्या शहराजवळच आहे. प्रांताचे नाव ओचोझोंजुपा. नावातला 'ओंजुपा' म्हणजे दूध घुसळायचा भोपळा. अख्ख्या प्रांताला दुधाच्या भांड्याचे नाव आहे हे ऐकले तेव्हाच मला कळायला हवे होते की आपण कुणाच्या घरी चाललो आहोत.

आता तुमच्या प्रश्नातल्या पाहुणचाराकडे येते, कारण पोशाख त्यानंतरच येतो.

हेरेरो माणूस घाईने काही सांगत नाही आणि घाईने काही विचारतही नाही. गाडीतून उतरल्या उतरल्या घरात शिरायचे नाही. आधी थोरांपुढे जायचे, हात द्यायचा. उजवा हात देताना डावा हात उजव्या कोपराला लावला तर तो आदर समजतात. सकाळ असेल तर 'मोरो' म्हणायचे. 'पेरिवी?' म्हणजे कसे आहात. उत्तर 'नावा', बरे आहोत. आभारासाठी 'ओकुहेपा'. एवढे चार शब्द पाठ करून जा. मी ते गाडीत घोकत गेले होते आणि त्या चार शब्दांनी जेवढी दारे उघडली तेवढी माझ्या इंग्रजीने उघडली नाहीत. मध्य नामिबियातल्या बऱ्याच वृद्धांना आफ्रिकान्स येते. इंग्रजी ही 1990 च्या स्वातंत्र्यानंतरची राजभाषा, ती तरुणांची.

मैत्रिणीच्या आईला काय म्हणायचे ते विचारले तर म्हणाल्या, "मामा म्हण." त्यांच्या भाषेत, ओचिहेरेरोत, 'मामा' म्हणजे माझी आई आणि 'ताते' म्हणजे माझे वडील. पहिला अर्धा दिवस 'मामा' म्हणताना माझी जीभ अडखळत होती, डोळ्यांपुढे माझा कागलचा मामा यायचा. संध्याकाळपर्यंत तो शब्द त्या बाईंचाच झाला.

अंगणात एक गोष्ट माझ्याकडून चुकली, ती तुमच्याकडून चुकू नये. हेरेरो वाडीत मुख्य घर आणि गुरांचा गोठा, म्हणजे काटेरी फांद्यांचे गोल कुंपण, या दोहोंच्या मध्ये पवित्र अग्नीची जागा असते. तिला ओकुरुवो म्हणतात. पाहणाऱ्याला ती राखेची, दगडांची साधी जागा वाटते. पण पूर्वजांशी बोलायचे ते तिथे, नव्या बाळाची ओळख करून द्यायची ती तिथे, आजाऱ्यासाठी मागणे मागायचे तेही तिथे. घरापासून त्या अग्नीवरून गोठ्यापर्यंत जाणारी ही न दिसणारी रेघ पाहुण्याने मनाला येईल तशी ओलांडायची नसते. मी वासरे पाहायला सरळ गोठ्याकडे निघाले आणि मैत्रिणीने दंड धरून मला मागे ओढले. कुणी रागावले नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी मला त्या जागेजवळ बसवले, हळू आवाजात काही बोलले, माझे नाव त्यात दोनदा आले. मैत्रीण म्हणाली, "आता तू कोण ते त्यांना माहीत आहे." 'त्यांना' म्हणजे गेलेल्यांना. बहुतेक हेरेरो ख्रिस्ती आहेत, आणि तरी अनेक घरांत हे चालू आहे. रविवारी चर्चला जाणारे ताते सकाळी राखेपाशी बसतात. मला त्यात काही विसंगत वाटले नाही. माझ्या आजीच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी एका पिराचा फोटो होता.

मग दूध. आंबवलेल्या दुधाला ते ओमाएरे म्हणतात. आपले ताक आणि दही यांच्या मधले काहीतरी. दाट, आंबट, थोडा धुराचा वास. भोपळ्यात दूध ओतायचे, जुन्या दुधाचा अंश आत राहिलेला असतो, तेच विरजण. भोपळा टांगून किंवा मांडीवर घेऊन हलवायचा. हल्ली बऱ्याच घरांत प्लास्टिकचे कॅन आले आहेत. मामांकडे दोन्ही होते, पाहुण्यांसाठी भोपळा काढला. लोणी निघते ते कढवून ठेवतात. त्याचा वास आला आणि मी स्वयंपाकघरात एकदम कोल्हापूरला गेले, कारण ते सरळ सरळ तूप होते. मी "आमच्याकडेही" म्हणून बोटावर घेऊन चाटले तेव्हा मामांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले.

जुन्या रीतीत घरच्या कर्त्या पुरुषाने आधी दूध चाखायचे, मग ते इतरांना मोकळे होते. म्हणून वाडगा आला की लगेच तोंडाला लावू नका, आधी घरचे काय करतात ते पाहा. आणि ओमाएरे समोर आले की 'नको' म्हणू नका. दुधाचे पदार्थ खरोखर पचत नसतील तर ज्यांच्यासोबत जाणार त्यांना आधी सांगून ठेवा. खाण्याच्या बाबतीतही तेच. हेरेरो घरात जेवण म्हणजे मांस आणि मक्याचे घट्ट पीठ, सोबत गोड दुधाचा चहा. मी गाईचे मांस खात नाही हे मैत्रिणीने आधीच कळवले होते. कुणाला त्यात वावगे वाटले नाही, कारण त्यांच्यातही पित्याच्या कुळाप्रमाणे बंधने असतात: अमुक कुळाने अमुक रंगाचे किंवा बिनशिंगी जनावर पाळायचे नाही, खायचे नाही. "तुझ्या कुळाचा नियम आहे," असे म्हणून ताते विषयावरून उठले आणि बोकड कापला. मी जे स्पष्टीकरण मनात जुळवून गेले होते ते तसेच राहिले.

गाईंचा विषय निघाला की हेरेरो माणूस खुलतो. कातडीच्या रंगांना, ठिपक्यांना, पट्ट्यांना त्यांच्याकडे इतके शब्द आहेत की मैत्रीणही मध्येच थांबून आईला विचारत होती. माणसांची, गावांची आणि गुरांची स्तुती करणारी कवनेही आहेत, 'ओमितांदू'. मी त्यांना आपले ढवळ्या, पवळ्या, कोसा, कपिला सांगितले. प्रत्येक शब्दाचा रंग तातेंनी समजून घेतला आणि गोठ्यातली तशी गाय बोटाने दाखवली. कपिला मात्र सापडली नाही.

पोशाखाकडे आता येते.

झग्याला म्हणतात ओहोरोकोवा, शिंगांच्या फेट्याला ओचिकाइवा. मामांनी पेटी उघडून एकेक झगा चटईवर पसरला, आणि मी शिंपिणीच्या डोळ्यांनी पाहिले म्हणून तुम्हालाही तसेच सांगते. कंबर आपल्या कंबरेवर नसते, वर, छातीच्या जरा खाली असते. तिथे कापडाच्या बारीक चुण्या इतक्या दाट घातलेल्या की सुई शिरणार नाही. खाली घेर मोकळा सोडलेला. बाहीला खांद्याशी चुण्या, दंडाला फुगा, मनगटाला घट्ट पट्टी. आपल्या पणज्यांच्या जुन्या फोटोंत फुग्याच्या बाह्यांची पोलकी दिसतात ना, ती फॅशन आणि ही फॅशन एकाच काळातली, एकाच युरोपातून निघालेली. एक समुद्राने मुंबईला आली, एक वाळवंटाच्या कडेने ओकाहांजाला गेली. झग्यावर खांद्यावरून शाल. आत एकावर एक परकर, त्यामुळे घेर अंगाला चिकटत नाही आणि बाई आहे त्याहून भरदार दिसते. भरदार दिसणे तिथे सुंदर आहे.

हा झगा आला कुठून? 1840 च्या दशकात ऱ्हेनिश मिशनचे जर्मन पाद्री हेरेरोंमध्ये येऊन राहिले. त्यांच्या बायका असे झगे घालत. त्याआधी हेरेरो बाया कातड्याची वस्त्रे वापरत आणि डोक्यावर तीन टोकांचे कातडी शिरस्त्राण घालत. मिशनमध्ये येणाऱ्या बायांना अंग झाकायला शिकवले गेले, शिवण शिकवले गेले. एवढे वाचून काही लोक म्हणतात, मग हे खरे आफ्रिकी कुठे, ही तर गोऱ्यांची नक्कल. खरे पाहायचे तर हिंबांकडे जा, ते अजून कातडे नेसतात आणि अंगाला लाल मातीचा लेप लावतात. हिंबा आणि हेरेरो एकच भाषा बोलतात, नात्यातलेच आहेत. पण हेरेरो बाईचा झगा 'कमी खरा' हे म्हणणे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते तिथल्या जमिनीवर उभे राहिल्यावर कळते.

ओकाकारारापासून जवळच ओहामाकारी आहे. तेव्हा हा देश जर्मनीची वसाहत होता. 11 ऑगस्ट 1904 रोजी तिथे, वॉटरबर्गच्या पठाराच्या पायथ्याला, जर्मन फौजांनी हेरेरोंना घेरले. माणसे, बाया, मुले, गुरे पूर्वेच्या ओमाहेके वाळवंटाकडे पळाली. फौजांनी पाण्याच्या जागा अडवल्या. 2 ऑक्टोबरला त्या फौजांचा प्रमुख जनरल फॉन ट्रोथाने फर्मान काढले की जर्मन हद्दीत दिसणाऱ्या प्रत्येक हेरेरोला गोळी घातली जाईल. जे हाती लागले ते छावण्यांत गेले. ल्युडरिट्झजवळचे शार्क बेट त्यांतले सर्वांत कुप्रसिद्ध. साधारण ऐंशी हजार हेरेरोंपैकी पासष्ट हजार गेले असा आकडा सहसा दिला जातो. जर्मनीने त्याला अधिकृतपणे वंशसंहार म्हटले ते 2021 साली. वॉटरबर्गला जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे, राखलेली. ओमाहेकेत गेलेल्यांना कबरी नाहीत.

संहारानंतर, 1907 च्या फर्मानांनी, उरलेल्या लोकांना गव्हर्नरच्या परवानगीशिवाय जमीन आणि गुरे बाळगायची बंदी झाली. ज्या माणसाच्या भाषेत गाईच्या रंगाला कित्येक नावे आहेत, त्याच्याकडून गाय काढून घेतली. आणि नंतरच्या वर्षांत हा झगा साऱ्या हेरेरो बायांचा झाला, आणि त्यांच्या फेट्याला गाईची शिंगे फुटली. पाद्र्यांच्या बायकांच्या डोक्यावर कधी शिंगे नव्हती. मामांना मी विचारले, शिंगेच का? त्यांनी उत्तर दिले नाही, गोठ्याकडे हात केला.

1923 च्या ऑगस्टमध्ये त्यांचे पुढारी सॅम्युएल महारेरो यांचा देह बेचुआनालँडहून, म्हणजे आजच्या बोत्स्वानातून, ओकाहांजाला आणून वडिलांशेजारी पुरला. तेव्हापासून ऑगस्टच्या शेवटी तिथे लोक जमतात. पुरुष लष्करी धाटणीच्या गणवेशात संचलन करतात, बाया लाल आणि काळ्या झग्यांत त्यांच्यामागून कबरींकडे जातात. ओमारुरूच्या लोकांचा रंग पांढरा, पूर्वेकडच्या म्बांदेरू हेरेरोंचा हिरवा. म्हणून एक सूचना: लाल झगा शोभून दिसतो म्हणून कुठून तरी मिळवून अंगावर चढवू नका. कुठल्या दिवशी कोण कुठला रंग घालतो याला अर्थ आहे, आणि तो शोकाचाही आहे.

माझ्या अंगावर झगा चढला तो तिसऱ्या दिवशी. दोन दिवस मी मामांसोबत जुन्या झग्याच्या चुण्या उसवून नव्याने भरत बसले होते. त्यांचे हाताने फिरवायचे मशीन, माझा टाका. एका पट्टीची माझी शिवण त्यांनी उलटून पाहिली, नखाने ओढून पाहिली आणि ठेवून दिली, उसवली नाही. तिसऱ्या दिवशी ओळखीत लग्न होते. सकाळी त्या म्हणाल्या, "तू अशी येणार?" मी सलवार-कमीजमध्ये होते. मग त्यांनी निळ्या फुलाफुलांचा झगा काढला.

नेसवायला तिघी जणी लागल्या. आधी परकर, एकावर एक. मग झगा डोक्यावरून, मग मागची बटणे. फेट्याला सगळ्यांत वेळ गेला. डोक्याला आधी एक कापड घट्ट बांधले. मग लांब कापडात वर्तमानपत्राच्या घट्ट गुंडाळ्या घालून दोन्ही बाजूंना टोके केली, ती पहिल्या कापडावर बसवली, ओढून ताणून सपाट केली, मध्यभागी एक पिन लावली. टोके समान झाली नाहीत म्हणून मामांनी दोनदा सोडून पुन्हा बांधले. हा लग्न झालेल्या बाईचा साज. माझे मंगळसूत्र त्यांनी झग्याच्या बंद गळ्यावर काढून ठेवले, आत राहू दिले नाही.

उभी राहिले आणि कळले की घाईने चालताच येत नाही. घेर पायात येतो, मान वळवायची तर खांद्यासकट वळावे लागते. मैत्रीण म्हणाली, "गाय चालते तशी चाल. तिला कुठे पोहोचायचे नसते, ती आलेलीच असते." आपल्या काव्यांत सुंदर बाई हत्तीच्या चालीने चालते, इथे गाईच्या. अंगणापासून गाडीपर्यंतचे वीस-पंचवीस पावलांचे अंतर मी आयुष्यात पहिल्यांदा सावकाश चालले. मामांच्या पाठीचा तो ताठपणा, दवाखान्यात धावणाऱ्या माझ्या मैत्रिणीचे शनिवारचे ते चालणे, सगळे मला कापडातून कळत गेले.

लग्नात फोटो निघाले, भरपूर. पण ते मामांनी "आता काढा" म्हटल्यावर. त्याआधी मी फोन पिशवीत ठेवला होता, तुम्हीही ठेवा.

थोडे व्यवहाराचे. तुमची कुणाशी ओळख नसेल तर विंडहुक, ओकाहांजा, ओपुवो अशा ठिकाणी झगे शिवणाऱ्या बाया भेटतात, रस्त्याकडेला हेरेरो पोशाखातल्या बाहुल्या विकणाऱ्याही भेटतात. त्यांच्याकडून घ्या, भाव जास्त पाडू नका, आणि फोटो हवा असेल तर आधी विचारून, काही विकत घेऊन. कुणाच्या घरी जाणार असाल तर साखर, चहा, पीठ न्या. रिकाम्या हाताने जाऊ नका. सगळ्यांत उत्तम भेट म्हणजे कापड. पण दोन-तीन मीटरने तिथे फक्त फेटा होतो, हे ध्यानात ठेवून मोजा.

मी ते ध्यानात ठेवले नव्हते, मात्र माझ्याकडे नऊवारी होती. आईची, इरकल, मोरपंखी रंगाची. निघायच्या आदल्या रात्री मामांनी विचारले, तुमच्याकडे काय नेसतात, आणि मी ती नेसून दाखवली. त्या माझ्याभोवती फिरल्या, निऱ्या मोजल्या, काष्टा मागून पाहिला. शिवण कुठे आहे, विचारले. एकही नाही म्हटल्यावर त्यांनी लेकीला बोलावून तेच पुन्हा विचारायला लावले. सकाळी मी ती घडी करून त्यांच्या हातात दिली.

चार महिन्यांनी मैत्रिणीने फोनवर फोटो दाखवला. नऊवारी आठ मीटरहून थोडी जास्त, म्हणजे झग्याला कमीच, म्हणून बाह्या आणि वरचा भाग साध्या काळ्या कापडाचा केला होता, खाली मोरपंखी घेर, काठ बरोबर जमिनीलगत. पदर कुठे गेला ते मी फोटो मोठा करून शोधले. त्यांनी तो कापला नव्हता. टोपपदराचे ते लाल पट्टे आडवे होऊन डोक्यावर होते, दोन शिंगांच्या टोकांपर्यंत.